अर्धा तास थांबलेला हापसा

चामटोलीत पाणी गोठत नाही. बदलापूर-वांगणीच्या या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे शेकोट्या पेटतात, दूधवाले कानाला मफलर गुंडाळून निघतात, पण रात्रीच्या थंडीने नळाचा पाइप फुटला असं इथे कोणी ऐकलेलं नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठलं तर दुसऱ्या दिवशी त्याचे फोटो पेपरात येतात. आपल्या राज्याची बर्फाशी ओळख साधारण तेवढीच. मग थंड देशातला, अंगणातला, न गोठणारा नळ गळायला लागला तर काय करावं, हे मराठी वाचकाने का वाचावं? कारण त्या नळाची रचना एकदा समजली की आपल्या गावातला हापसा चटकन कळतो. दोघांचंही खरं काम जमिनीखाली चालतं, आणि दोघांचंही दुखणं वरून दिसत नाही.

अमेरिकेच्या किंवा कॅनडाच्या थंड भागात शेतातल्या गोठ्याशेजारी कमरेएवढ्या उंचीचा एक लोखंडी खांब दिसतो. वर एक दांडा, बाजूला तोटी. दांडा उचलला की पाणी येतं, खाली दाबला की बंद. पण पाणी अडवणारा व्हॉल्व्ह वर तोटीत नसतो. तो जमिनीत मीटर-दीड मीटर खाली, जिथवर थंडी पोचत नाही अशा खोलीवर असतो. दांड्यापासून तिथपर्यंत एक लांब सळई जाते आणि तिच्या टोकाला रबराचा गट्टू असतो. व्हॉल्व्ह बंद झाला की खांबात उरलेलं पाणी तळाच्या एका बारीक भोकातून खडीत झिरपून जातं. खांब रिकामा राहिला म्हणजे गोठायला आत काही उरत नाही. पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढतं, आणि बंद पाइपात ती वाढ लोखंडाचंही ऐकत नाही.

या नळाच्या तक्रारी मोजक्याच आहेत. दांडा दाबल्यावरही तोटीतून थेंब येत राहिले तर खालचा गट्टू झिजलाय, किंवा दांड्याची सळई नीट लावलेली नसल्याने गट्टू पुरता बसत नाही. दांड्याजवळ, जिथे सळई आत शिरते तिथे पाणी पाझरलं तर तिथलं पॅकिंग सैल झालंय. नट थोडा आवळला की बहुतेक वेळा काम भागतं. खांबाच्या बुडाशी सतत चिखल असेल तर बऱ्याचदा दांडा अर्धवट उघडा ठेवलेला असतो. अर्धवट उघड्या स्थितीत तळाचं भोकही उघडं राहतं आणि पाणी वर येता येता जमिनीतही जात राहतं. हिवाळ्यात तोटीला रबरी नळी तशीच लावून ठेवणं ही तिथली नेहमीची चूक. शहाळ्यातल्या स्ट्रॉच्या वरच्या टोकावर बोट ठेवलं की आतलं पाणी खाली पडत नाही. तसंच पाण्याने भरलेल्या नळीमुळे खांबात हवा शिरत नाही, खांब रिकामा होत नाही आणि रात्री फुटतो.

आता हापसा. याचंही काम करणारं टोक खोल बोअरमध्ये, याचीही सळई दांड्यापासून तिथपर्यंत जाते, वरून दिसायलाही दोघं बरेचसे सारखे. पण हापशाला हवं ते नेमकं उलटं असतं. थंड देशातल्या खांबाला पाणी खाली गेलेलं हवं असतं, हापशाला ते वर टिकलेलं हवं असतं. त्या खांबात मुद्दाम ठेवलेलं भोक हापशाच्या पाइपात पडलं तर तो बिघाड. मग बाई सकाळी हंडा लावते आणि पाणी येईपर्यंत तिचे दंड भरून येतात. लोक म्हणतात, हापसा जड झालाय, नाहीतर बोअरचं पाणी खाली गेलंय. दोन्ही खरं असू शकतं, पण बऱ्याचदा दोन्ही खोटं असतं. पाइप रात्रभर गळत असतो आणि सकाळचा पहिला माणूस तो पुन्हा भरत असतो.

ही गळती बाहेर दिसत नाही, चिखल होत नाही, बिलात येत नाही. गळालेलं पाणी परत त्याच बोअरमध्ये पडतं. पाण्याचा थेंबही वाया जात नाही, वाया जाते ती फक्त माणसाची ताकद, म्हणजे बहुतेक गावांत बायकांची. तक्रार वर्षभर नोंदवली जात नाही, त्याचं एक कारण हेही असावं असं मला वाटतं.

आपल्याकडचा नेहमीचा हापसा म्हणजे इंडिया मार्क टू. वरच्या डोक्यात दांडा, त्याच्या टोकाला कमानीसारखी चकती आणि तिच्यावरून खाली सोडलेली साखळी. साखळीला 12 मिलिमीटर जाडीचे, तीन-तीन मीटरचे रॉड जोडत जोडत खाली नेलेले असतात. रॉडभोवती 32 मिलिमीटरचे जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे, पाइप असतात, तेही तीन-तीन मीटरचे. सगळ्यात खाली पितळी अस्तराचा सिलिंडर, आतून 63.5 मिलिमीटर व्यासाचा. त्यात दट्ट्या वरखाली होतो, आणि सिलिंडरच्या बुडाला पाणी फक्त वर येऊ देणारा फूट व्हॉल्व्ह बसवलेला असतो. दट्ट्यातही तसाच एक व्हॉल्व्ह असतो. दांडा खाली दाबला की दट्ट्या वर येतो आणि डोक्यावरचं सगळं पाणी उचलतो. दांडा सोडला की रॉड आपल्याच वजनाने खाली जातात. साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही, हे ध्यानात ठेवायचं. परतीच्या वेळी साखळी सैल पडून दुमडायला लागली तर सिलिंडरमधले वॉशर घट्ट बसलेत असं समजावं. पूर्वी ते चामड्याचे असत आणि फुगत, आता नायट्राइल रबराचे येतात.

हे सगळं उघडायच्या आधी दोन चाचण्या करायच्या असतात. दोन्हीला पाना लागत नाही.

पहिली चाचणी थांबण्याची. सलग धार येईपर्यंत हापसायचं, मग अर्धा तास कोणी दांड्याला हात लावायचा नाही. सकाळी रांग असताना हे जमणार नाही, म्हणून भर दुपारची वेळ बरी. अर्ध्या तासाने पुन्हा हापसायला सुरुवात करायची आणि तोटीतून पाणी पडेपर्यंतचे हापसे मोजायचे. पाचच्या आत पाणी आलं तर पाइप आणि व्हॉल्व्ह ठीक. त्याहून जास्त लागले तर कुठेतरी गळतंय. त्या अर्ध्या तासात हापशाच्या खांबाला कान लावून बसलं तर कधी कधी आत पाणी पडल्याचा आवाजही येतो. तसा आवाज आला तर पाण्याच्या पातळीच्या वर कुठेतरी भोक आहे याबद्दल फारशी शंका उरत नाही.

दुसरी चाचणी बादलीची. धार सुरू झाल्यावर मिनिटभरात 40 हापसे, पूर्ण हापसे, आणि पाणी मोजायचं. एका हापशात दट्ट्या 125 मिलिमीटर सरकतो. सिलिंडरचा व्यास धरून हिशेब केला तर एका हापशाला सुमारे 400 मिलिलिटर पाणी यायला हवं, म्हणजे 40 हापशांना साधारण 16 लिटर. प्रत्यक्षात थोडं कमी येतं. दहा-अकरा लिटरवर आलं असेल तर खाली काहीतरी झिजलंय.

दोन्ही चाचण्यांचे निकाल शेजारी ठेवले की जमिनीखालचं बरंचसं कळतं. पाणी लगेच येतंय पण बादली भरत नाही, तर फूट व्हॉल्व्ह चांगला आहे, दट्ट्याचे वॉशर गेलेत. पाणी यायला वेळ लागतो पण एकदा आल्यावर बादली नीट भरते, तर पहिला संशय पाइपावर. दोन्ही बिघडलेलं असेल तर बहुधा फूट व्हॉल्व्ह आणि वॉशर दोन्ही. दांडा एकदम हलका लागतोय आणि पाणी अजिबात नाही, तर रॉड तुटलाय किंवा सुटलाय. तिथे गळती शोधण्यात वेळ घालवू नये. आणि मे महिन्यात धार आधी चांगली येऊन मग हवेबरोबर गचके देत तुटते, तासाभराने पुन्हा तसंच होतं, तर हापसा निर्दोष आहे. पाण्याची पातळी सिलिंडरच्या खाली गेली आहे. बोअर पुरेसं खोल असेल तर आणखी एक-दोन पाइप जोडून सिलिंडर खाली नेता येतो, एवढाच उपाय.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग पुढचा आहे. 32 च्या पाइपात रॉडची जागा वजा करून मीटरमागे सुमारे 900 मिलिलिटर पाणी मावतं. एक हापसा 400 मिलिलिटरचा. म्हणजे एका हापशाने पाइपातलं पाणी जवळजवळ 44 सेंटिमीटर वर चढतं. अर्ध्या तासाच्या थांब्यानंतर 20 हापसे लागले असतील तर पाणी तोटीपासून सुमारे 9 मीटर खाली उतरलं होतं. आता हाच प्रयोग रात्रभर थांबून करा. सकाळीही वीसच हापसे लागले तर पाणी 9 मीटरवर येऊन थांबलंय, म्हणजे भोक तिथेच आहे, तिसऱ्या आणि चौथ्या पाइपाच्या जोडाच्या आसपास. सकाळी 45 लागले तर पाणी रात्रभर उतरतच होतं आणि गळती त्याहून खाली आहे, बहुधा व्हॉल्व्हमध्ये. गावात कोणाकडे कॅमेरा नसतो, पण मोजता सगळ्यांना येतं. आकडा काटेकोर नसतो. झिजलेल्या वॉशरमुळे हापसे जास्त भरतात, म्हणून हापशामागे बादलीच्या चाचणीतलं खरं पाणी धरून हिशेब करावा. तरी दोन-तीन मीटरच्या फरकाने जागा सापडते.

याचा फायदा काय? मार्क टूमध्ये खालचं काही बघायचं तर आख्खी पाइपांची माळ वर ओढावी लागते. 30 मीटरची माळ म्हणजे दहा पाइप, दहा रॉड आणि आतलं पाणी मिळून दीडशे किलोच्या आसपास वजन. क्लॅम्प, उचलायचा दांडा, पाइप पाने आणि चार-पाच माणसं लागतात. एक क्लॅम्प सुटला तर सगळी माळ बोअरमध्ये जाते आणि मग ती काढणं हे वेगळंच प्रकरण होतं. भोक तिसऱ्या जोडाशी आहे हे आधी कळलं तर सिलिंडरपर्यंत जायची वेळ येईलच असं नाही. वरचे तीन पाइप बाहेर आले की आजार हातात येतो.

पाइप बाहेर आला की नजर आटे पाडलेल्या टोकांवर ठेवायची. आटे पाडताना तिथला पत्रा पातळ होतो, जस्ताचा थर निघतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. दुसरी जागा म्हणजे रॉड जिथे पाइपाला आतून घासतो ती. बोअर जरा तिरकं गेलेलं असलं किंवा रॉड वाकलेला असला की एकाच बाजूला लांबट चकचकीत पट्टा दिसतो, आणि त्या पट्ट्याच्या मध्यावर टाचणीच्या डोक्याएवढं भोक. असा पाइप वेल्डिंग करून परत टाकणं म्हणजे तेच काम काही महिन्यांनी पुन्हा करणं. वाकडा रॉडही त्याच वेळी बदलायचा, नाहीतर नवा पाइपही तसाच जाईल. कोकणात जांभ्या दगडातलं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, तिथे जीआय पाइप लवकर गंजतो. बदलापूरच्या खाली काळा पाषाण आहे, तिथे या बाबतीत थोडी बरी स्थिती.

हे यंत्र इतकं साधं, इतकं मोजण्यासारखं झालं, त्यात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे, आणि तो आपल्याला फारसा माहीत नाही. 1960 च्या दशकाअखेर आणि 1972 च्या दुष्काळाच्या काळात कठीण खडकात झटपट बोअर मारणारी यंत्रं आली. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही त्याच सुमाराची. बोअर झाली, पण त्यांच्यावर बसवले ओतीव लोखंडाचे पंप, जे मुळात युरोप-अमेरिकेत एका कुटुंबासाठी बनवलेले होते. तिथे दिवसभरात काही वेळा हलवायचा पंप इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत आख्खं गाव हलवत होतं. सांधे झिजले, दांडे तुटले. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर युनिसेफने पाहणी केली तेव्हा चारातले तीन हापसे बंद सापडले.

यावरचं उत्तर दिल्लीत नाही, आधी जालना आणि सोलापूरमध्ये निघालं. जालन्याच्या ख्रिस्ती मिशनमध्ये ओतीव लोखंड सोडून पोलादाचा, एकाच सांध्यावर फिरणारा दांडा आला. सोलापूरच्या कार्यशाळेने पुढचं पाऊल टाकलं. बंद बेअरिंग आणि कमानीवरून फिरणारी साखळी, त्यामुळे रॉड वाकडातिकडा न होता सरळ ओढला जाऊ लागला. युनिसेफने सोलापूर पंप पाया धरला, त्यात सुधारणा करून मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडासकडून तो बनवून घेतला आणि इंडिया मार्क टू तयार झाला. 1979 मध्ये त्याचं भारतीय मानक आलं, आयएस 9301. पुढे हाच पंप आफ्रिकेतल्या अनेक देशांत गेला. त्याचा कोणीही एक मालक नाही, मानकाप्रमाणे कोणीही तो बनवू शकतो, म्हणून ठाण्यात बनलेला वॉशर गडचिरोलीतल्या हापशाला बसतो. माझ्या मते सोलापूरच्या चादरीइतकाच अभिमान या साखळीचाही वाटायला हरकत नाही.

मार्क टूची माळ ओढण्याची कटकट लक्षात आल्यावर मार्क थ्री आला. त्याचा पाइप 65 मिलिमीटरचा, दट्ट्या आणि फूट व्हॉल्व्ह त्यातूनच रॉडबरोबर वर येतात, पाइप तसाच राहतो. वॉशर बदलायला दोन माणसं पुरतात. पण जाड पाइपांचा खर्च जास्त, आणि पाइपालाच भोक पडलं तर मार्क थ्रीची माळ मार्क टूपेक्षा कितीतरी जड. म्हणून जुनी मंडळी अजून मार्क टूच बरा म्हणतात. वरचा हिशेब मार्क थ्रीला जसाच्या तसा लावू नये, कारण पाइप मोठा असल्याने एका हापशाला पाणी फार कमी चढतं.

आतापर्यंतची सगळी गळती आतून खाली जाणारी, त्रासाची पण निरुपद्रवी. धोक्याची गळती वेगळी आहे, ती वरून आत येते. काळ्या पाषाणातल्या बोअरला केसिंग पाइप फक्त वरच्या माती-मुरुमापुरता असतो. खाली दगडाची उघडी भिंत. केसिंगच्या भोवतीचा ओटा तडकला, हापशाचा खांब हलायला लागला किंवा सांडपाण्याची नाली तुंबली की तेच घाण पाणी केसिंगच्या बाजूने बोअरमध्ये उतरतं. मार्क टूचा खांब केसिंगवर स्क्रूने न बसवता त्याच्याभोवती काँक्रीटमध्ये पक्का रोवलेला असतो, तो यासाठीच. दांडा मारताना खांब बोटभर जरी हलला तरी आधी तो पक्का करायचा, वॉशर नंतर.

27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, हजारच्या आसपास प्रवाशांना बोटींनी आणि हाताला धरून बाहेर काढलं, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्या पट्ट्यात अशा पुरात ओटे पाण्याखाली जातात. पाणी ओसरल्यावर हापशाचं पहिलं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी पिऊ नये. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला बोलावून बोअरमध्ये टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून घ्यायचं, त्याने सांगितलेला वेळ थांबायचं, मग वास जाईपर्यंत पाणी उपसून टाकायचं आणि नमुना तपासायला द्यायचा. त्या आधी ओट्याचे तडे सिमेंटने बुजवले नाहीत तर पुढच्या पावसात पुन्हा तेच.

2019 च्या जलजीवन मिशननंतर घरोघरी नळ आले, येत आहेत. काही ठिकाणी त्याच बोअरमध्ये हापशाच्या शेजारी सौरपंपही सोडलेला असतो, दुहेरी पंप म्हणतात त्याला. वीज गेली, ढग आले, पाइपलाइन फुटली की पुन्हा हापशापाशी रांग लागते. म्हणून पाणी भरणं थांबलं असलं तरी महिन्यातून एकदा तो हलवावा. बंद पडलेल्या हापशाचं बेअरिंग गंजतं.

दुरुस्तीसाठी पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकाकडे ग्रामपंचायतीमार्फत तक्रार जाते. तिथे "हापसा बंद आहे" एवढंच लिहिलं तर पथकाला प्रत्येक शक्यतेचं सामान घेऊन यावं लागतं किंवा एकदा बघून परत जावं लागतं. त्याऐवजी चार आकडे लिहा: बोअरमधल्या पाइपांची संख्या माहीत असेल तर ती, अर्ध्या तासाच्या थांब्यानंतर किती हापशांत पाणी आलं, रात्रभरच्या थांब्यानंतर किती, आणि 40 हापशांना किती लिटर. दुरुस्ती झाल्यावर पथक निघायच्या आत दोन्ही चाचण्या त्यांच्यासमोर पुन्हा करा, आणि ते नवे आकडे तारखेसह हापशाच्या खांबावर ऑइल पेंटने लिहून ठेवा.